छंद अनेक, निश्चय एक

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकेचाळिसाव्या श्लोकात बुद्धीचे दोन प्रकार सांगितले आहेत. जिचा निश्चय झाला ती बुद्धी एकच असते; जिचा झाला नाही तिला फाट्यामागून फाटे फुटत राहतात. मूळ प्रसंग सकाम कर्मकांडाचा आहे, छंदांचा नव्हे, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. तथापि सामान्य गृहस्थाच्या घरात डोकावून पाहिले, तर हे फाटे बहुधा छंदांच्याच रूपाने दिसतात. कोपऱ्यात गवसणी घातलेली पेटी असते. फळीवरच्या संस्कृतच्या पुस्तकातील खूण दुसऱ्या पाठापुढे सरकलेली नसते. पोस्टाच्या तिकिटांची वही अर्धी भरलेली असते. आणि गच्चीवरच्या कुंड्यांना चार दिवस पाणी मिळालेले नसते. यांपैकी एकही वस्तू वाईट नाही. परंतु त्यांच्याकडे पाहताना घरधन्याच्या मनाला जी टोचणी लागते ती खरी असते. तिच्यापायी तो एक तर सर्वच सोडून देतो, नाही तर आणखी एक नवा छंद घरात आणतो.

या बाबतीत कलकत्त्याच्या जोडासांको भागातील ठाकूर घराण्यातल्या एका पुरुषाचे चरित्र पाहण्यासारखे आहे. ज्योतिरिंद्रनाथ ठाकूर (१८४९–१९२५) हे रवींद्रनाथांचे बारा वर्षांनी वडील असलेले बंधू. त्यांच्या छंदांची मोजदाद करणे कठीण आहे. पियानो, सतार व व्हायोलिन ते वाजवीत. नाटके लिहीत व रंगभूमीवर आणीत. डोक्याच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्राचाही त्यांना नाद होता. स्वदेशी उद्योगासाठी स्थापिलेल्या एका गुप्त मंडळात आगकाड्या करण्याचा व माग चालविण्याचा प्रयोग झाला. आगकाड्यांना खर्च अतोनात आला आणि मागावर फार तर एक पंचा निघाला, असे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत थट्टेने पण प्रेमाने नमूद केले आहे. सर्व भारतीयांना चालेल असा एक राष्ट्रीय पोशाखही ज्योतिरिंद्रनाथांनी योजिला होता. धोतर आणि पायजमा यांचा तो संकर भर दिवसा अंगावर घालून बाहेर पडण्याचे धैर्य त्यांनी एकट्यानेच दाखविले.

येथपर्यंत नुकसान हसण्यावारी नेण्याइतकेच होते. पुढे त्यांनी लिलावात सात हजार रुपयांना एका जहाजाचा नुसता सांगाडा घेतला, त्याला यंत्र व खोल्या बसविल्या, आणि १८८४ साली खुलना-बारिसाल मार्गावर आगबोटींची वाहतूक सुरू केली. समोर बलाढ्य इंग्रज कंपनी होती. चढाओढीत भाडे उतरत उतरत शून्यावर आले. उतारूंना वर फराळही मिळू लागला. अखेर ‘स्वदेशी’ नावाची त्यांची बोट हावड्याच्या पुलावर आदळून बुडाली आणि हा व्यवहार भारी कर्जात संपला. छंदाने घराची चौकट ओलांडून संचितालाच हात घातला, म्हणजे काय होते, ते येथे दिसते. मात्र त्यांच्या हेतूला कोणी हिणवू नये. ज्यांना पैशाचा लोभ असतो, त्यांच्याकडून असला व्यवहार होत नाही.

तर मग या सर्व खटाटोपाला व्यर्थ म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. पियानोवर ते नव्या चाली बसवीत, आणि शेजारी बसलेले तरुण रवींद्रनाथ त्या चालींना शब्द देत. त्या बैठकींचे ऋण बंगाली संगीतावर आहे. तरुणपणी बुद्धीने चार वाटा चालून पाहाव्यात, यात दोष नाही. प्रश्न पुढचा आहे.

उत्तरायुष्यातील ज्योतिरिंद्रनाथ पाहिले की तीनच गोष्टी ठळकपणे उरलेल्या दिसतात. गाण्यांचे स्वरलेखन ही पहिली; ‘स्वरलिपि-गीतिमाला’ १८९७ साली निघाली. दुसरी, भेटीस आलेल्या माणसांची पेन्सिलीने काढलेली मुखचित्रे. त्यांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते, आणि त्यांतील पंचवीस निवडून विल्यम रोथेन्स्टाइन या इंग्रज चित्रकाराने १९१४ साली प्रसिद्ध केली. तिसरी गोष्ट भाषांतर. १८९९ पासूनच्या पाच-सहा वर्षांत शाकुंतल, उत्तररामचरित, मृच्छकटिक, मुद्राराक्षस इत्यादी संस्कृत नाटके त्यांनी एकामागून एक बंगालीत आणली. या तिन्ही कामांना कागद, लेखणी आणि रोजची थोडी बैठक यांपलीकडे काही लागत नाही. गृहस्थाने निवड करताना ही खूण जरूर पाहावी: जे आजच्या दिवसात थोडे तरी पुढे सरकते आणि ज्याचा भार घरातील इतरांवर पडत नाही, ते टिकते.

पण निवड करावी कशी? लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात व्यवसायात्मक बुद्धी व वासनात्मक बुद्धी असा जो भेद विशद केला आहे, तो येथे कामी येतो. पहिली सारासार पाहून निर्णय करते. दुसरी नुसती ‘हवे’ म्हणते. आपण बहुधा उलटीकडून आरंभ करतो. पेटी सोडू की बागकाम सोडू, असा एकेका हव्यासाशी झगडा मांडतो. आणि झगडणारा थकतो, हव्यास थकत नाही. त्याऐवजी येत्या वर्षात कोणते एक काम पुरे करावयाचे, हे आधी ठरवावे. मुलीला गाण्याचे पहिले दहा राग शिकवावयाचे असे ठरले, की पेटीची गवसणी आपोआप निघते. कुंड्या मुलाकडे सोपविल्या जातात, तिकिटांची वही एखाद्या रविवारी उघडली तरी पुरते. संस्कृतचे पुस्तक तर गाण्याच्या चिजांचा अर्थ लावण्याच्या निमित्ताने पुन्हा हाती येण्याचाही संभव आहे. निश्चय एक झाला म्हणजे काही छंद त्याची अंगे होतात आणि काही न रागावता गळून पडतात. एक अडचण मात्र राहते. ज्यात आपल्याला गती आहे आणि लोक ज्याची वाहवा करतात, तो छंद सोडणे सर्वांत जड जाते, आणि पुष्कळदा सोडावयाचा असतो तोच.

ज्योतिरिंद्रनाथांचे शेवटचे दिवस रांचीच्या मोराबादी टेकडीवर गेले. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते आणि साताऱ्यासही न्यायाधीश होते. त्या संबंधाने मराठी भाषा ठाकूर घराण्यात पोहोचली होती. टिळकांनी १९१०-११च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली पुण्यास छापलेला तो पंधरा प्रकरणांचा प्रचंड ग्रंथ ज्योतिरिंद्रनाथांनी वार्धक्यात बंगाली भाषेत उतरविला. १९२४ साली तो प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथकार चार वर्षांपूर्वीच निवर्तले होते. भाषांतरकार पुढच्या वर्षी मार्च महिन्यात गेले.