दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नव्हे

पहाटे रस्त्यावर धावणारी भरतीची मुले आपण सर्वच पाहतो. त्यांपैकी काही जण लंगडत माझ्या दवाखान्यात येतात. "डॉक्टरसाहेब, धावताना मांडीच्या मागे तटकन काहीतरी तुटल्यासारखं झालं. आठ दिवसांवर मैदानी चाचणी आहे. एक इंजेक्शन द्या, म्हणजे पळता येईल." मुलाची अडचण खरी असते. वर्षभराची मेहनत आणि घरच्यांची आशा त्या सोळाशे मीटरवर लागलेली असते. अशा मुलांना मी व्हिक्टर क्रूझ या अमेरिकन खेळाडूची हकीकत सांगतो. आज ती वाचकांनाही सांगावीशी वाटते.

नाव न पुकारलेला खेळाडू

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा आहे. लांबट चेंडू हातात घेऊन किंवा हाताने फेकून तो प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यावयाचा असतो. लांबवर फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणाऱ्या खेळाडूस 'रिसीव्हर' म्हणतात. जागेवरून एकदम सुसाट सुटणे, मध्येच थांबणे, वळणे आणि उडी मारणे हे त्याचे काम. त्यामुळे त्याच्या मांडीच्या मागील स्नायूंवर फार ताण पडतो.

तेथे दरवर्षी व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात. या निवडीस 'ड्राफ्ट' म्हणतात. २०१० साली ३२ संघांनी सात फेऱ्यांत मिळून २५५ खेळाडू निवडले. न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन गावच्या व्हिक्टर क्रूझचे नाव त्यांत नव्हते. पुढे न्यूयॉर्क जायंट्स संघाने त्याला सरावासाठी घेतले. निवड न झालेल्या अशा नवख्या खेळाडूला कसलीच शाश्वती नसते. पसंत पडला तर ठेवतात, नाहीतर निरोप देतात.

ऑगस्ट २०१० मधील सरावाच्या एका सामन्यात क्रूझने सहा झेल घेऊन तीन वेळा चेंडू हद्दीपार नेला. सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळले आणि संघात जागाही मिळाली. परंतु प्रत्यक्ष हंगामात तीन सामने होतात न होतात तोच मांडीच्या मागील स्नायूने दगा दिला. ऑक्टोबरमध्ये त्याचे नाव जायबंदी खेळाडूंच्या यादीत गेले. त्या काळच्या नियमाप्रमाणे या यादीत नाव गेले की तो हंगाम संपला. मोठ्या कष्टाने मिळालेल्या पहिल्या वर्षात क्रूझच्या नावावर एकही झेल लागला नाही.

स्नायू फाटतो म्हणजे काय?

मांडीच्या मागे तीन स्नायूंचा एक गट असतो. त्याला 'हॅमस्ट्रिंग' म्हणतात. आपण ज्या हाडावर बसतो तेथून निघून हे स्नायू गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. सुसाट धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा पावलाचा भार जमिनीवर येण्याच्या आधी त्या पायाला आवरण्याचे काम हे स्नायू करतात. एकाच क्षणी ते ताणलेही जातात आणि जोरही लावतात. बैलगाडी उतारावर रोखून धरताना बैलाच्या मानेवर ताण यावा, तसाच हा प्रकार. ताण सोसवेनासा झाला की स्नायूचे तंतू तुटतात.

पेटका येणे आणि स्नायू फाटणे यांत गल्लत करू नये. पेटका थोड्या वेळात सुटतो. फाटलेला स्नायू दाबला किंवा ताणला की दुखतो आणि दोन-तीन दिवसांनी मांडीच्या मागे काळेनिळे डागही दिसू शकतात. थोडेच तंतू तुटले असतील तर बरे होण्यास एक ते तीन आठवडे लागतात. जास्त तुटले तर चार ते आठ आठवडे लागतात, आणि स्नायू पूर्ण तुटला किंवा हाडापासून सुटला तर काही महिने.

ही दुखापत केव्हा होते तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकन फुटबॉलच्या १९८९ ते १९९८ या दहा हंगामांतील अशा १,७१६ दुखापतींची पाहणी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या सात आठवड्यांच्या सरावात झालेल्या होत्या. सुटी संपवून आलेल्या शरीराला एकदम जुंपले की असे होते. भरतीची जाहिरात निघाल्यावर एकदम धावू लागणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

पहिले काही दिवस

दुखापत होताच धावणे थांबवावे. "थोडं चाललो की मोकळं होईल" हा विचार घातक आहे. बर्फ कापडात गुंडाळून दर दोन-तीन तासांनी पंधरा मिनिटे लावावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. क्रेप बँडेज बेताचे घट्ट बांधावे आणि झोपताना पायाखाली उशी घ्यावी.

पहिले तीन दिवस शेकू नये, मद्य घेऊ नये आणि तेल लावून जोरात चोळून तर मुळीच घेऊ नये. आत रक्तस्राव झालेला असताना चोळले की तो वाढतो. मांडीला जबर मार लागलेला असताना रगडल्यास पुढे स्नायूत हाडासारखा कठीण गोळाही तयार होऊ शकतो.

मात्र महिनाभर अंथरुणाला खिळून राहणेही चूक आहे. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. काहींना दुसऱ्या दिवसापासून हलका व्यायाम सुरू केला, तर काहींना नवव्या दिवसापासून. लवकर सुरुवात करणारे साधारण ६२ दिवसांत खेळू लागले. उशिरा सुरुवात करणाऱ्यांना ८३ दिवस लागले. म्हणजे एका आठवड्याच्या जादा विश्रांतीने तीन आठवडे वाया गेले. दुखणार नाही इतपत हालचाल हे औषधच आहे. पण हालचाल म्हणजे शर्यत नव्हे, हेही तितकेच खरे.

घाई का नको?

जखमेची दुरुस्ती शरीर टप्प्याटप्प्याने करते. पहिल्या काही दिवसांत तुटलेल्या तंतूंचा कचरा साफ होतो. नंतर नवे तंतू तयार होऊ लागतात आणि त्यांच्यामध्ये व्रणाचे ऊतक भरते. हे ऊतक सुरुवातीला कच्चे असते. दुखणे बहुधा याच सुमारास थांबते आणि फसगत होते ती येथेच. मुलगा म्हणतो, "आता काही दुखत नाही." परंतु नव्या भिंतीचे प्लॅस्टर वरून सुकले तरी आत ओले असते, तशी त्या स्नायूची अवस्था असते. अशा वेळी पूर्ण जोराने धावले की त्याच जागी पुन्हा तुटते, आणि दुसरी दुखापत पुष्कळदा पहिल्यापेक्षा अधिक दिवस घेते. ज्याचा हा स्नायू एकदा फाटला, त्याला तो पुन्हा फाटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

वेदनाशामक इंजेक्शन घेऊन धावणे म्हणजे घराला आग लागली असताना धोक्याची घंटा बंद करणे होय. शिवाय उपाशीपोटी, घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना या गोळ्या वरचेवर घेतल्यास जठराला व्रण पडतो आणि मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

मैदानावर परत कधी?

तारीख पाहून नव्हे, पाय पाहून ठरवावे. आधी न लंगडता चालणे, मग जिना चढणे-उतरणे, मग हळू धावणे. ते जमल्यावर निम्म्या वेगाने, मग पाऊण वेगाने, शेवटी पूर्ण वेगाने धावणे आणि वळणे. एका टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले तर एक पायरी खाली यावे. दाबल्यावर दुखत नाही, दोन्ही पाय सारखे ताणतात, दोन्हींत जोर सारखा आहे आणि पूर्ण वेगाने धावताना मनात धास्ती नाही, अशी खात्री पटल्यावरच स्पर्धेत उतरावे.

स्नायू बरा झाल्यावर तो बळकट करण्याचा एक बिनखर्ची व्यायाम आहे. मऊ सतरंजीवर गुडघे टेकून ताठ व्हावे. जोडीदाराने मागून घोटे दाबून धरावेत. पाठ सरळ ठेवून अगदी सावकाश पुढे झुकत जावे आणि तोल जाऊ लागला की हातांवर झेलून घ्यावे. आठवड्यातून दोनदा, प्रथम चार-पाच वेळाच करावा. हा व्यायाम नियमाने करणाऱ्या खेळाडूंमध्ये या दुखापती सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे दिसले आहे.

क्रूझचे पुढे काय झाले?

पुढच्याच, म्हणजे २०११ च्या हंगामात क्रूझने ८२ झेल घेतले आणि १,५३६ यार्ड मजल मारली. त्या संघाच्या इतिहासात तोपर्यंत एका हंगामात इतकी मजल कोणी मारली नव्हती. २४ डिसेंबर २०११ रोजी तर एकाच झेलानंतर त्याने चेंडू हद्दीपार नेला तो ९९ यार्डांवरून, म्हणजे मैदानाच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत! फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याचा संघ विजेता ठरला. एक हंगाम गेला, पण पाय शाबूत राहिला, म्हणून हे घडले.

त्याची परीक्षा तेथे संपली नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी झेलासाठी उडी मारताना त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यातून सावरताना २०१५ मध्ये पोटरीने त्रास दिला, तेथेही शस्त्रक्रिया झाली आणि आणखी एक हंगाम गेला. अखेर ११ सप्टेंबर २०१६ रोजी, बरोबर ७०० दिवसांनी, तो सामन्यात उतरला आणि त्या दिवशी विजय मिळवून देणारा झेल त्यानेच घेतला. मात्र पूर्वीचा वेग पुरता परतला नाही आणि त्या हंगामानंतर संघाने त्याला मोकळे केले. गोष्टीची ही बाजूही मी मुलांना सांगतो. शरीर दुरुस्त होते, पण दर वेळी पूर्वीसारखेच होईल अशी हमी कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. म्हणून पहिल्याच दुखापतीला मान द्यावा.

डॉक्टरकडे ताबडतोब केव्हा जावे?

तुटल्याचा आवाज आला, पायावर भार घेता येत नाही, मांडीत खळगा लागतो, बैठकीच्या हाडाशी तीव्र दुखते किंवा गुडघा आपणहून सरळ करता येत नाही, अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. वाढत्या वयाच्या मुलांत स्नायूबरोबर हाडाचा तुकडाही निघून येतो, म्हणून एक्स-रे काढावा लागतो. पोटरी सुजून गरम झाली व दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे त्याच दिवशी पाहून घ्यावे.

आणि पालकांना एक विनंती. मुलगा लंगडत घरी आला तर "भरती तोंडावर आली आणि तू बसून राहतोस?" असे म्हणू नका. त्या एका वाक्यापायी मुले दुखणे लपवतात. भरती पुन्हा निघेल, पाय मात्र तोच राहणार आहे.