खाऱ्या पाण्यांतील सूक्ष्म द्रव्यें व गाळणीचा कोळसा

जमिनींत किती घातलें हें शेतकरी लक्षांत ठेवतो. परंतु कोणतें द्रव्य कोणत्या वाटेनें निघून गेलें, याचा हिशेब क्वचितच ठेवला जातो. हा जमाखर्च कांचेच्या एका पेटींत स्पष्ट दिसतो, म्हणून हा लहानसा पाठ सभासद बंधूंपुढें ठेवीत आहें.

मुंबईस 1951 सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. तेथें समुद्र दाराशींच होता. छत्रपती संभाजीनगरास तशी सोय नाहीं. माझ्या धाकट्या मुलानें घरीं समुद्रांतील मासे पाळले, तेव्हां शुद्ध केलेल्या पाण्यांत तयार मीठ कालवून समुद्र बनवावा लागला. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत मोठा भाग साध्या मिठाचा. कॅल्शियम सुमारें 400 मिलिग्रॅम, आयोडीन अवघें 0.06 मिलिग्रॅम, आणि लोह, जस्त, तांबें हीं त्याहूनही अल्प.

माशांची विष्ठा व उरलेलें खाद्य यांनीं पाणी पिवळसर होतें, म्हणून तें विशेष रीतीनें भाजलेल्या सच्छिद्र कोळशांतून फिरवितात. अशा एक ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचें क्षेत्र 500 ते 1,000 चौरस मीटर, म्हणजे पांच ते दहा गुंठे भरतें! मळ त्यास चिकटतो. पण मळाशीं बांधलेलीं कांहीं सूक्ष्म द्रव्येंही त्याबरोबर जातात. स्फुरद वाढून शेवाळ माजल्यास लोहाच्या गंजाचे दाणे घालतात. तांबडी जमीन सुपरफॉस्फेट धरून ठेवते, तसे ते स्फुरद धरतात. मात्र अतिरेक झाल्यास पोंवळें उपाशी राहतें.

आमची चूक झाली ती भर घालण्यांत. माशांवर पांढरे ठिपके दिसतांच मीं औषध आणून ओतलें. त्यांत आपल्या मोरचुदांतलेंच तांबें होतें. कोळंबीच्या रक्तास तांबें लागतें हें खरें. तथापि लिटरमागें 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम तांबें, जें माशांच्या या रोगावर देतात, तेंच कोळंबीस मारक ठरतें. सकाळीं दोन्ही कोळंब्या मेलेल्या आढळल्या. बाटलीवरील सूचना मीं वाचली नव्हती. मुलगा दोन दिवस मजशीं बोलला नाहीं.

यावर उपाय साधे आहेत. आजारी मासा निराळ्या भांड्यांत ठेवून औषध द्यावें. दर पंधरवड्यास सुमारें दहावा हिस्सा पाणी बदलावें. त्यानें गेलेलें द्रव्य परत येतें व सांचलेलें कमी होतें. मोजमाप केल्यावांचून कांहीं घालूं नये.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींतही जस्त असून पिकास मिळत नाहीं, व मोसंबीचें पान शिरांच्या मध्यें पिवळें पडतें. तपासणींत उपलब्ध जस्त किलोस 0.6 मिलिग्रॅमहून कमी आल्यास कमतरता समजतात. परंतु पान पिवळें पडण्यास लोहाची उणीव व सांचलेलें पाणी हींही कारणें असतात. म्हणून पान पाहून पिशवी आणूं नये. प्रथम माती तपासून घ्यावी. दोन कोळंब्यांत मला जें समजलें, तें कोणास बागेच्या मोलानें शिकावें लागूं नये.