हाती घडवलेला पहिला चाकू: भिलाईत खर्च किती येतो?

पोलादाच्या गावात चाकूच्या पोलादाला काय तोटा, असं भिलाईत राहणाऱ्या कुणालाही वाटेल. इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोविएत मदतीचा करार १९५५चा, आणि पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली ती ४ फेब्रुवारी १९५९ला. पुढे या गावाने देशभर रूळ आणि जाड प्लेटा पुरवल्या आहेत. पण पुलाच्या नि जहाजाच्या प्लेटचं पोलाद कमी कार्बनचं असतं. ते कितीही तापवून बुडवलं तरी धार धरण्याइतकं कठीण होत नाही. सुपेला किंवा पॉवर हाउसच्या बाजारात कुणी ‘प्लांटचा माल आहे’ म्हणून पाते विकत असेल, तर त्या शब्दांवर एक रुपयाही जास्त देऊ नका.

रुळाची गोष्ट निराळी. ८८० दर्जाच्या रुळात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के असतो, त्यामुळे त्याचा चाकू खरोखर चांगला होतो आणि हे लोहारांना ठाऊक असतं. तरीही रुळाच्या तुकड्याला हात लावू नये. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दल १९६६चा स्वतंत्र कायदा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुकडा कुठून आला हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, आणि चाकूसाठी एवढी जोखीम घेण्याचं कारणही नाही, कारण याहून सोयीचं पोलाद ट्रकच्या कमानीत मिळतं.

कमानपट्ट्याचं पोलाद म्हणजे बहुधा एन-४५ किंवा त्याच्या जवळचा प्रकार: कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त, सोबत सिलिकॉन नाहीतर क्रोमियम. ते चिवट असतं, आपटलं तरी सहसा तुटत नाही आणि लोहाराच्या हातात बसलेलं असतं. भंगारात किलोला साधारण ४० ते ६० रुपये पडतात. चार इंची पात्याच्या चाकूला, वाया जाणारं धरून, अर्धा किलो लागेल. म्हणजे पोलादाचे झाले ३० रुपये! बाकी सगळी किंमत आगीची, हाताची, मुठीची आणि म्यानाची. एखाद्या पोलादाचं इंग्रजी नाव सांगून कुणी हजारभर रुपये वाढवून मागितले, तर हा हिशेब आठवावा.

आता असा चाकू करून मिळणार कुठे? दुर्ग जिल्ह्यात पाटण, धमधा या बाजूच्या गावांत आणि आठवडी बाजारांत अजून लोहार बसतात. हंसिया (विळा), टंगिया (कुऱ्हाड), पहसुल (विळी) हे त्यांचं रोजचं काम. जायचं ते माघ-फाल्गुनात. धानकापणीच्या तोंडावर हंसियांची रांग असते आणि पावसाळ्याआधी नांगराचे फाळ असतात, तेव्हा तुमच्या चाकूकडे नीट बघायला त्यांना सवड नसते. तयार हंसिया दोनशेच्या आसपास मिळतो. चाकू तुमच्या मापाने करून घ्यायचा तर नुसत्या पात्याचे ५०० ते ८०० रुपये द्यायची तयारी ठेवा आणि घासाघीस करू नका. दोन माणसांचा अर्धा दिवस त्यात जातो: एक सांडशी धरतो, दुसरा घण मारतो.

मागायचं काय, ते कागदावर खऱ्या मापात काढून न्या. पाते चार इंच, रुंदी एक ते सव्वा इंच, पाठ तीन ते चार मिलिमीटर. पात्याचा पत्रा मुठीच्या शेवटापर्यंत अखंड हवा. टोक फार बारीक नको. तंबूची खुंटी टोकदार करणं, दोर कापणं, काटक्या सोलणं आणि कांदा चिरणं एवढ्याला हे पुरे आहे. पहिल्या चाकूला सात-आठ इंची पाते मागणारे पुष्कळ असतात. माझं मत स्पष्ट आहे: ते पाते हातात जड होतं, कामाला कमी येतं आणि पोलिसांच्या नजरेत जास्त.

ज्याच्यावर खरं लक्ष द्यायचं ते म्हणजे पाणी देणं, म्हणजे तापलेलं पाते बुडवून कडक करणं. बरेच लोहार सवयीने पाते पाण्यात बुडवतात. हंसियाला ते चालून जातं, कारण तो फक्त धारेपाशीच बुडवतात. कमानपट्ट्याचं जाडसर पाते सगळंच पाण्यात गेलं तर बारीक तडा जाण्याचा धोका असतो, आणि तो तडा कधीकधी महिन्यांनी दिसतो. म्हणून तेलात बुडवायला सांगा. दोन-तीन लिटर स्वस्त खाद्यतेल तुम्हीच न्या, ४०० रुपयांच्या आत काम होईल. ते हाताला चटका बसेल इतकं गरम करून घ्या. बुडवायची वेळ ओळखायला साधा लोहचुंबक पुरतो. पोलाद ७७० अंशांच्या आसपास पोचलं की चुंबक त्याला चिकटत नाही. तिथून आणखी थोडं तापवून, लाली सगळीकडे सारखी झाली की तेलात. भर उन्हात ही लाली नीट दिसत नाही, म्हणून हे काम संध्याकाळी करून घ्यावं.

पाते थंड झालं की धारेवरून कानस फिरवून बघा. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाते कडक झालं. चावली तर नाही झालं. पुन्हा तापवायला सांगा. पण असं कडक पाते तसंच वापरात आणलं तर धारेचे टवके उडतात, त्याला परत थोडं नरम करावं लागतं. लोहार ते विस्तवावर रंग पाहून करतात: चकाकी आणलेल्या पात्यावर आधी फिकट पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि निळा. धारेला पिवळ्यावर थांबायचं. निळा धारेपर्यंत पोचला तर चाकू वाकेल, पण धार धरणार नाही. घरी केक भाजायचा ओव्हन असेल तर मूठ बसवण्याआधी पाते आणा, तेल स्वच्छ धुवा, आणि २०० अंशांवर दोन वेळा, दर वेळी तासभर ठेवा. खर्च फक्त विजेचा, आणि विस्तवापेक्षा हे खात्रीचं. हाथखोजसारख्या औद्योगिक वसाहतीत भट्टीचं काम करून देणारे असतात, पण दर किलोवर आणि किमान आकार ठरलेला, त्यामुळे एका चाकूसाठी ते परवडत नाही. चार मित्रांनी मिळून चार पाती दिली तर गोष्ट वेगळी.

मुठीला शिसम किंवा धावडा. धावड्याचे दांडे कुऱ्हाडींना पिढ्यानपिढ्या बसत आले आहेत, ते ठोक्याने फाटत नाहीत. सुताराकडून दोन फळ्या, पितळेचे खिळे आणि घासाई मिळून ३०० ते ५०० रुपये होतील. वर पॉलिश नको. कच्चं जवसाचं तेल चार-पाच दिवस रोज थोडं चोळा. घाम आला तरी मूठ हातातून सुटत नाही. म्यान चपलांच्या कारागिराकडून करून घ्या, जाड चामड्याचं, धारेच्या बाजूला आत चामड्याची पट्टी घालून, म्हणजे शिवण कापली जाणार नाही. ते ४०० ते ६००. सगळं धरून बेरीज दोन हजारांच्या आगेमागे येते.

याच पैशात कारखान्यात बनलेला परदेशी चाकू मिळतो आणि सुरुवातीला तो बहुधा जास्त सफाईने कापेल. फक्त काम हवं असेल तर तो घ्या, त्यात कमीपणा नाही. हाती घडवलेला घ्यायचा तो मापं आपली असतात म्हणून, बिघडला तर घडवणाऱ्याकडे परत नेता येतो म्हणून, आणि हे काम करणारे हात टिकावेत म्हणून. देशात आता नावाजलेले चाकूकारही आहेत. त्यांच्याकडे पाच हजारांपासून बारा-पंधरा हजारांपर्यंत मोजावे लागतात, अर्धी रक्कम आधी, आणि वाट काही महिने. तो दुसरा चाकू असू द्या. एक वर्ष वापरल्यावर तुम्हाला काय हवं ते तुमचं तुम्हाला कळलेलं असतं. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या लाटालाटांच्या नक्षीच्या पात्यांपासून मात्र दूर राहा. त्यातली पुष्कळशी नक्षी नुसती वरवर कोरलेली असते.

कायद्याचं एकदाच, पण नीट वाचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्रांच्या यादीत येतं. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. खटक्याचा चाकू घेऊच नका. छत्तीसगडात ऑनलाइन मागवलेल्या चाकूंवरून पोलिसांनी कारवाया केल्या आहेत. छोटं पातेही कमरेला लावून बाजारात, मिरवणुकीत किंवा सभेत फिरायचं नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश लागू असेल तेव्हा तर मुळीच नाही. प्रवासात तो म्यानासह सामानाच्या तळाशी ठेवावा. अचानकमार, बारनवापारा किंवा महाराष्ट्रातल्या नागझिऱ्याच्या अभयारण्यात जाताना घरी ठेवावा: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या व्याख्येत ‘शस्त्रा’मध्ये चाकू आहे आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही.

यापुढचा खर्च दगडाचा. दोन बाजूंचा साधा कार्बोरंडम दगड २०० ते ३०० रुपयांना मिळतो आणि वर्षभर धार लावायला पुरतो. प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास कोन धरायचा. कमानपट्ट्याचं पाते गंजतं, म्हणून लिंबू-टोमॅटो कापल्यावर लगेच पुसा, खोबरेलाचा हात फिरवा, आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं. कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा.