ब्रशविरहित मोटर : ओळख आणि निवड

२०१७ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. घाटंजीच्या वाचकांना त्या दिवसांची आठवण करून देण्याची गरज नाही. पाठीवर पंप घेऊन औषधाच्या तुषारांमध्ये चालणाऱ्या माणसाला त्यापासून दूर ठेवू शकेल असे साधन म्हणून आज फवारणी ड्रोनकडे पाहिले जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५,००० महिला बचत गटांना असे ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. यंत्र गावात आले की त्याची देखभाल जाणणारी माणसेही गावात लागतात. या यंत्राचा सतत श्रमणारा भाग म्हणजे त्याची मोटर. विज्ञान प्रदर्शनासाठी एक किलो वजनाचा ड्रोन किंवा छोटे विमान बांधणारा विद्यार्थी ज्या मोटरीशी झुंजतो, ती याच जातीची असते. म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही निवडला.

अशा विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोटर किती केव्हीची घ्यावी? आमच्या मते हा प्रश्न शेवटून दुसरा असावा. तो पहिला विचारल्यामुळे पालकांचे पैसे वाया जातात. याचे कारण समजण्यासाठी मोटरीच्या पोटात डोकावले पाहिजे.

घरातील मिक्सरच्या मोटरीत दोन कार्बन असतात. फिरणाऱ्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांना ते सतत घासत राहतात आणि त्या घर्षणातूनच वीज आतील वाइंडिंगपर्यंत पोचते. कार्बन झिजतो, ठिणग्या उडतात, काही शक्ती उष्णतेत जाते. ब्रशविरहित मोटरीत ही रचना उलटी केलेली आहे. तांब्याची वाइंडिंग स्थिर भागावर म्हणजे स्टेटरवर असते आणि चुंबके फिरतात. स्थिर वाइंडिंगला वीज देण्यासाठी घासणारे काहीच लागत नाही. झिजणारा भाग उरतो तो केवळ बेअरिंगचा. ड्रोनच्या मोटरीत चुंबके बाहेरच्या वाटीला आतून चिकटवलेली असतात आणि ती वाटीच फिरते. बाहेरचा भाग फिरत असल्याने पीळ अधिक मिळतो व पंखा गिअरविना थेट बसवता येतो.

१९६२ मध्ये विल्सन आणि ट्रिकी या दोन अमेरिकी अभियंत्यांनी कॉम्युटेटरचे काम ट्रान्झिस्टरसारख्या घटकांकडून करून घेण्याची कल्पना शोधनिबंधात मांडली. १९८० च्या दशकात निओडिमियमची प्रबळ चुंबके आली, पुढे लिथियम बॅटरी हलक्या झाल्या, आणि तळहातावर मावणारी मोटर किलोभर वजन उचलू लागली. हेच तत्त्व आता छताच्या पंख्यातही आले आहे. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ॲटमबर्ग कंपनीने असे पंखे घरोघरी पोचवले; साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो तेथे हे तीसच्या आसपास वॅटमध्ये फिरतात. त्याच आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही ड्रोन कंपनी काढली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ चित्रपटात दिसणारा चार पंख्यांचा ड्रोन त्यांचाच होता.

ब्रशविरहित मोटरीतून तीन तारा बाहेर येतात. शेतातील तीन फेजच्या पंपाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पंप उलटा फिरू लागला तर वायरमन कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करतो. येथेही दिशा बदलण्याचा उपाय तोच. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये दोन मोटरी एका दिशेने व दोन विरुद्ध दिशेने फिरवाव्या लागतात, अन्यथा ड्रोन स्वतःभोवती गिरक्या घेईल. मात्र या तीन तारा बॅटरीला थेट जोडता येत नाहीत. मध्ये गतिनियंत्रक लागतो. बाजारात त्याला ईएससी म्हणतात. तो बॅटरीची वीज तीन वाइंडिंगना पाळीपाळीने देतो. साध्या नियंत्रकात कोणत्याही क्षणी दोन वाइंडिंगमधून प्रवाह वाहतो, आणि रिकाम्या तिसऱ्या वाइंडिंगमध्ये चुंबकामुळे जो दाब निर्माण होतो त्यावरून वाटी कोठे पोचली हे नियंत्रक ओळखतो. मोटर थांबलेली असताना असा दाब नसतो, म्हणून नियंत्रक अंदाजाने पहिला धक्का देतो. सुरुवातीला मोटर किंचित थरथरते ती यामुळे. तो दोष नव्हे.

आता केव्ही. हा शब्द ऐकताच विजेच्या तारेवरील किलोव्होल्ट आठवतो आणि तेथेच गैरसमज सुरू होतो. मोटरीवरील केव्ही म्हणजे भार नसताना प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. १००० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर मोकळी सोडली तर मिनिटाला सुमारे ११,१०० फेरे घेईल. शक्ती किती, हे हा आकडा सांगतच नाही. एकाच स्टेटरवर जाड तारेचे थोडे वेढे दिले की केव्ही वाढते. बारीक तारेचे अधिक वेढे दिले की कमी होते. पंपाची मोटर बांधणाऱ्या कारागिराला हे पटकन पटेल. केव्ही वाढले की प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा पीळ त्याच प्रमाणात घटतो. वेग आणि पीळ यांचा हा व्यवहार असून एक घेतले की दुसरे सोडावे लागते.

पाच इंची पंख्याचा शर्यतीचा ड्रोन २२.२ व्होल्टवर सुमारे १७५० केव्हीची मोटर वापरतो. मोकळा वेग मिनिटाला ३८,००० फेऱ्यांच्या पुढे जातो. शेतात औषधाची टाकी उचलणाऱ्या ड्रोनच्या मोटरी मात्र १०० ते १८० केव्हीच्या आसपास असतात. पंखा तीस इंची, बॅटरी ४४.४ व्होल्टची आणि केव्ही १०० असे धरले तर मोकळे फेरे ४,४४० भरतात. जो ड्रोन सर्वांत अधिक भार उचलतो त्याचे केव्ही सर्वांत कमी! तीस इंची पंखा ११,१०० फेऱ्यांनी फिरवायचे ठरवले तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ४४० मीटर धावेल, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्याही पुढे. तेथे पंखा हवा नीट ढकलत नाही, केवळ किंचाळतो. मोठ्या पंख्याला मंद आणि पिळदार मोटरच हवी.

तेव्हा निवडीची सुरुवात वजनकाट्यापासून करावी. सांगाडा, बॅटरी, कॅमेरा, तारा, स्क्रू, सर्व मिळून उड्डाणाचे वजन काढावे; मोटरींचे वजनही धरावे, ते हमखास विसरले जाते. समजा ड्रोन १२०० ग्रॅमचा आहे. स्थिरपणे उडणाऱ्या ड्रोनसाठी वजनाच्या दुप्पट रेटा हाती असावा, म्हणजे २४०० ग्रॅम, प्रत्येक मोटरीमागे ६००. हवेत नुसते तरंगताना यातील निम्माच लागतो. उरलेला निम्मा वारा, वळण आणि वर चढणे यांसाठी राखीव. शर्यतीच्या ड्रोनला पाचपट किंवा त्याहून अधिक रेटा देतात, परंतु शिकणाऱ्याने त्या मोहात पडू नये.

सांगाड्यात मावेल तेवढा मोठा पंखा हा दुसरा निर्णय. तेवढाच रेटा मोठा पंखा हळू फिरून देतो आणि वीज कमी खातो. पंख्यावर १०४५ असे लिहिलेले असते; पहिले दोन अंक दहा इंच व्यास सांगतात आणि पुढचे साडेचार इंच पीच. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो त्या अर्थाचे हे माप आहे.

यानंतर मोटरीचा आकार. २२१२ म्हणजे बहुधा स्टेटरचा व्यास २२ मिलिमीटर आणि उंची १२. बहुधा म्हणण्याचे कारण, काही निर्माते बाहेरच्या वाटीचे माप लिहितात. खरेदीपूर्वी आकृती पाहावी. आमच्या मते शक्तीचा खरा अंदाज या मापावरून आणि मोटरीच्या वजनावरून येतो, कारण उष्णता सोसते ते तांबे आणि लोखंड. वरील १२०० ग्रॅमच्या ड्रोनसाठी २२१२ आकाराची, १००० केव्हीच्या आसपासची मोटर ११.१ व्होल्टवर दहा इंची पंख्यासह ७०० ते ८५० ग्रॅम रेटा देते. ६०० हवे होते; काम भागले. बॅटरी वजनात बसेल अशी, ३००० मिलिअँपिअर-तासांची धरू. तरंगताना चार मोटरी मिळून साधारण १४ अँपिअर घेतील. बॅटरीतील ८० टक्केच वीज वापरावी या नियमाने दहा मिनिटांचे उड्डाण मिळेल. पूर्ण रेट्यावर प्रत्येक मोटर १५ अँपिअरपर्यंत जाऊ शकते, म्हणून नियंत्रक २० किंवा ३० अँपिअरचा घ्यावा आणि बॅटरी ६० अँपिअर सहज देऊ शकणारी असावी.

विमानाचे गणित निराळे आहे, कारण तेथे वजन पंख पेलतात आणि मोटर केवळ पुढे ओढते. वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक रेटाही शिकाऊ विमानाला पुरतो. हिशेब वॅटमध्ये करतात : प्रत्येक किलोमागे १५० ते २०० वॅट, कसरतींसाठी २५० ते ३०० किंवा अधिक. विमानात पीचला महत्त्व येते. पाच इंच पीचचा पंखा मिनिटाला ८,५०० फेरे घेत असेल तर त्याचा सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर होतो. विमान ज्या वेगाने उडावे असे वाटते त्याहून हा आकडा बराच वर असावा, नाहीतर पंखा नुसता हवा घुसळत राहतो.

मोटर जळते ती बहुतेक वेळा पंख्यामुळे. आठ इंचीऐवजी त्याच पीचचा दहा इंची पंखा त्याच फेऱ्यांनी फिरवायचा तर सुमारे अडीचपट शक्ती लागते. मोटर तेवढे फेरे गाठू शकत नाही, पण प्रयत्न करताना प्रवाह ओढत राहते. प्रवाह दुप्पट झाला की तांब्यातील उष्णता चौपट होते. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबके ८० अंशांच्या पुढे आपले बळ कायमचे गमावू लागतात. १२० व १५० अंश सोसणाऱ्या प्रतीही मिळतात, पण स्वस्त मोटरीत त्या असतीलच असे धरू नये. बळ गेलेली मोटर दिसायला नव्यासारखीच असते. तिचे केव्ही वाढलेले असते, पीळ घटलेला असतो आणि ती पूर्वीपेक्षा लवकर तापते.

आपल्या भागात मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या घरात जातो. १५ अंशांवरील हवेच्या तुलनेत ती हवा सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. तितक्याच फेऱ्यांत रेटा त्याच प्रमाणात कमी मिळतो आणि मोटर थंड व्हायलाही अडचण होते. निर्मात्याच्या तक्त्यातील आकडे अशा उन्हात काढलेले नसतात. म्हणून दुपटीचा हिशेब येथे काठावर न करता थोडा सैल करावा, किंवा उड्डाण सकाळी सातच्या आत आटोपावे.

आणखी एक स्थानिक शत्रू म्हणजे काळी माती. तिच्यात चुंबकाला चिकटणारे बारीक कण असतात. रेतीतून चुंबक फिरवून काळी भुकटी गोळा करण्याचा खेळ आपण सर्वांनी केला आहे. ड्रोन थेट शेतात उतरवला की ही भुकटी वाटीच्या आत चुंबकांवर बसते आणि स्टेटरला घासू लागते. एक ताडपत्री अंथरून तिच्यावर उतरवावे, एवढा उपाय पुरेसा आहे. बोटाने मोटर फिरवताना टप्प्याटप्प्याने अडकल्यासारखे वाटते, ते चुंबकांचे स्वाभाविक लक्षण होय. खरखर ऐकू आली तर मात्र माती शिरली आहे किंवा बेअरिंग गेले आहे.

मोटर बसवताना स्क्रूची लांबी मोजून घ्यावी. एक-दोन मिलिमीटर अधिक लांब स्क्रू तळातून आत शिरून वाइंडिंगला टेकतो, तारेवरील वार्निश खरवडले जाते आणि पहिल्याच उड्डाणात मोटर व नियंत्रक दोन्ही जातात. गतीची आणि दिशेची सर्व जुळवणी पंखा काढूनच करावी. दहा इंची पंखा बोट तोडू शकतो, हे पालकांनी मुलांना निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा सूक्ष्म गटात येतो. नॅनोसाठी आणि अव्यावसायिक कामासाठी वापरलेल्या सूक्ष्म ड्रोनसाठी चालक परवाना लागत नाही. उडवण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आपले ठिकाण हिरव्या क्षेत्रात आहे ना, हे पाहावे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. मोटर त्यामुळे सहज मिळते.

खरेदीनंतर तक्त्यावर विसंबून न राहता रेटा स्वतः मोजावा. दोन-तीन किलोचा लाकडी ठोकळा, त्यावर फूटभर उंच खांब, खांबाच्या टोकाला मोटर, आणि हे सारे घट्ट बांधून किराणा दुकानातील डिजिटल काट्यावर. पंखा हवा वर फेकेल असा बसवला की काट्यावरील वजन वाढते. वाढलेले ग्रॅम म्हणजे रेटा. सोबत क्लॅम्प मीटरने बॅटरीच्या एका तारेतील प्रवाह पाहावा. मात्र ते मीटर डीसी प्रवाह मोजणारे असले पाहिजे, वायरमनकडील साधे चालणार नाही. पंख्याच्या पातळीत कोणी उभे राहू नये, डोळ्यांवर चष्मा असावा. निम्म्या रेट्यावर दोन मिनिटे चालवून मोटर बंद करावी, पंखा पूर्ण थांबू द्यावा आणि बॅटरी काढून मगच वाटीला बोट लावावे. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर एक इंच लहान पंखा लावून मोजणी पुन्हा करावी.