युरोपातील मत्स्यशेती : सद्यस्थिती आणि पुढील वाट

आपल्या तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांच्याबरोबर आपण जो सायप्रिनस मासा सोडतो तो मूळचा आपल्याकडचा नाही. त्याची जर्मन जात १९३९ मध्ये व बँकॉक जात १९५७ मध्ये भारतात आणली गेली. युरोपात मात्र हा मासा कित्येक शतकांपासून तळ्यांत वाढविला जातो. म्हणजे मत्स्यशेती ही युरोपला नवी नाही. तेथे भांडवल आहे, तंत्रज्ञान आहे, मासे खाणारा ग्राहक आहे. तरीही हा व्यवसाय नॉर्वेत झपाट्याने वाढला, तर युरोपीय महासंघाच्या देशांत अनेक वर्षे जवळजवळ जागच्या जागी राहिला. आता नॉर्वेतही वाढीचा वेग मंदावला आहे. असे का झाले हे मत्स्यशेती करणाऱ्या व करू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेण्यासारखे आहे.

मत्स्यशेतीचे प्रमुख प्रकार

१) तळ्यातील सायप्रिनस : झेक प्रजासत्ताक, पोलंड, हंगेरी, जर्मनी या देशांत ही पद्धत आहे. झेक देशातील ट्रेबोन भागातला रोझम्बेर्क तलाव १५८४ ते १५९० या काळात बांधला गेला. सुमारे ४९० हेक्टरांचा हा तलाव आजही माशांसाठी वापरात आहे. मासा तीन-चार वर्षे वाढवितात, खाद्य मुख्यतः तळ्यातील नैसर्गिक जीव आणि वर थोडे धान्य. शरद ऋतूत पाणी सोडून मासे पकडतात व नाताळात विकतात. उत्पादन हेक्टरी साधारण अर्धा टन, पण खर्चही कमी. पाणकावळे आणि पाणमांजरे यांचा उपद्रव ही तेथील शेतकऱ्यांची कायमची तक्रार आहे. हे प्राणी संरक्षित असल्याने त्यांना सरसकट मारता येत नाही.

२) ट्राउट : हा थंड, वाहत्या पाण्यातील मासा. डेन्मार्क, इटली, फ्रान्स व तुर्कस्तान येथे तो हौदांत व कालव्यांत वाढवितात.

३) शिनाणे व कालवे : स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावरील खाड्यांत लाकडी तराफ्यांना दोर टांगून त्यावर शिनाणे वाढवितात. असे सुमारे ३,३०० तराफे तेथे आहेत. यांना खाद्य द्यावे लागत नाही, पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून ते वाढतात. युरोपीय महासंघाच्या एकूण मत्स्यशेतीत वजनाने जवळजवळ निम्मा वाटा शिंपलावर्गाचाच आहे.

४) समुद्रातील पिंजरे : ग्रीस व तुर्कस्तानात सी बास व सी ब्रीम हे मासे, तर नॉर्वे, स्कॉटलंड, फॅरो बेटे व आइसलँड येथे सॅल्मन. (मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, परंतु तो मासा वेगळा.)

नॉर्वेची झेप

नॉर्वेतील हित्रा बेटावर ग्रोंटवेट बंधूंनी १९७० मध्ये सुमारे २०,००० सॅल्मनची पिल्ले समुद्रातील तरंगत्या पिंजऱ्यात सोडली व त्यांचा प्रयोग यशस्वी झाला. तेथून सुरू झालेला हा धंदा आज वर्षाला सुमारे १५ लाख टनांवर पोहोचला आहे. युरोपीय महासंघाच्या सर्व २७ देशांचे मासे व शिंपले मिळून उत्पादन सुमारे ११ लाख टन आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या झेपेची कल्पना येते. नॉर्वे महासंघाचा सदस्य नाही.

औषधाऐवजी लस

ही वाढ सरळ झाली नाही. पिंजरे वाढले तसे जिवाणूजन्य रोग वाढले. १९८७ मध्ये नॉर्वेत सुमारे ५० हजार टन माशांसाठी जवळजवळ ५० टन प्रतिजैविके वापरली गेली, म्हणजे एक टन माशामागे सुमारे एक किलो. हा मार्ग फार काळ चालणारा नव्हता. मग रोगप्रतिबंधक लसी तयार झाल्या. समुद्रात सोडण्यापूर्वी प्रत्येक पिल्लाला लस टोचण्याची पद्धत रूढ झाली. परिणामी, उत्पादन अनेक पटींनी वाढले असूनही प्रतिजैविकांचा वापर अलीकडे वर्षाला एका टनाच्याही खाली आला आहे. रोग आल्यावर औषध शोधण्यापेक्षा रोग येऊच न देणे स्वस्त पडते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

उवांचा प्रश्न

जिवाणू आटोक्यात आले, पण सॅल्मनच्या अंगावरील समुद्री उवा आल्या नाहीत. आपल्याकडे रोहू-कटल्यावर आरग्युलस नावाची ऊ पडते, तिच्यासारखाच हा परजीवी माशाची कातडी व चिकट स्राव खातो. सुरुवातीस औषधांचा गुण आला. परंतु तीच ती औषधे वारंवार वापरल्याने उवा त्यांना दाद देईनाशा झाल्या. बोंडअळीच्या बाबतीत आपण जे अनुभवले तेच येथे घडले. मग उवा वेचून खाणारे छोटे मासे पिंजऱ्यात सोडले गेले. कोमट पाण्यात बुडविणे, ब्रशने झाडणे असे उपायही आले. परंतु या हाताळणीने मासे जखमी होतात व मरतात. उवा खाणारे मासेही मोठ्या संख्येने मरतात. नॉर्वेत २०२३ मध्ये समुद्रातील टप्प्यात सॅल्मनची मरतूक १६ टक्क्यांहून अधिक होती. दर सहा माशांमागे एक मासा काढणीपूर्वीच मेला, असा याचा अर्थ.

पिंजऱ्यातील उवांची पिल्ले प्रवाहाबरोबर शेजाऱ्याच्या पिंजऱ्यात आणि नदीतून समुद्राकडे निघालेल्या रानटी सॅल्मनवर जातात. म्हणून नॉर्वेने २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग केले व रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे त्यांना रंग दिले. रानटी माशांवर उवांचा परिणाम कमी असेल तेथे हिरवा, म्हणजे उत्पादन ६ टक्के वाढविता येते. पिवळ्यात आहे तेवढेच ठेवावे लागते. लाल विभागात ६ टक्के कमी करावे लागते. एखाद्याने आपले पिंजरे कितीही स्वच्छ ठेवले, तरी विभाग लाल झाला की सर्वसाधारणपणे त्यालाही कपात लागू होते.

फॅरो बेटांचा धडा

फॅरो बेटांवर २००० नंतर सॅल्मनमध्ये संसर्गजन्य रक्तक्षयाचा विषाणूजन्य रोग पसरला. काही वर्षांत उत्पादन कोसळले आणि अनेक व्यावसायिक बुडाले. त्यानंतर तेथे कडक नियम झाले. एका खाडीत एकाच वयाचे मासे एकाच वेळी सोडायचे, सर्व एकदम काढायचे आणि पुढील पिकापूर्वी खाडी काही काळ रिकामी ठेवायची. यजमान मासाच नसल्याने रोगाची साखळी तुटते. कापसाची फरदड घेऊ नका असे आम्ही सांगतो, ते याच कारणासाठी. या नियमांनंतर तेथील व्यवसाय पुन्हा उभा राहिला.

खाद्याचा प्रश्न

सॅल्मन हा मांसाहारी मासा. १९९० मध्ये नॉर्वेतील त्याच्या खाद्यात सुमारे ९० टक्के भाग मासळीची भुकटी व मासळीचे तेल यांचा असे. म्हणजे मासे वाढविण्यासाठी समुद्रातील लहान मासे पकडावे लागत. २०२० पर्यंत हे प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली आले. उरलेली जागा सोयाबीन, गहू, मोहरीवर्गीय तेल यांनी घेतली. तरीही अवलंबित्व संपलेले नाही. २०२३ मध्ये एल निनोमुळे पेरू देशातील अँचोव्ही मासेमारीचा पहिला हंगाम रद्द झाला आणि मासळीच्या तेलाचे भाव कडाडले. आता शैवालापासूनचे तेल व कीटकांपासूनची प्रथिने वापरात येत आहेत, पण त्यांचा खर्च अजून जास्त आहे.

महासंघातील देश मागे का?

युरोपीय महासंघ आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक मासळी बाहेरून आणतो. तरीही तेथील मत्स्यशेती वाढत नाही, याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, परवाना मिळण्यास लागणारा वेळ. एका जागेसाठी अनेक खात्यांची संमती लागते व त्यात वर्षे जातात. दुसरे, किनाऱ्यासाठी ओढाताण. पर्यटन, मासेमारी, जहाज वाहतूक यांनाही तीच जागा हवी असते. तिसरे, बाहेरची स्पर्धा. तुर्कस्तानचे मत्स्यशेती उत्पादन २०२२ मध्ये ५ लाख टनांवर गेले आणि त्याचा सी बास व सी ब्रीम ग्रीसच्या मालाशी स्पर्धा करतो. हवामानबदलाची भर आहेच. २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी अतोनात तापल्याने स्पेनमधील एब्रो नदीच्या मुखाशी शिनाण्यांचे मोठे नुकसान झाले.

पुढील वाट

यापुढे तीन दिशांनी प्रयत्न चालू आहेत. एक, खोल समुद्रातील मोठे पिंजरे. २०१७ मध्ये नॉर्वेत ११० मीटर व्यासाचा असा पिंजरा वापरात आला. दोन, जमिनीवरील बंदिस्त टाक्या, ज्यांत बहुतेक पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. येथे उवा येत नाहीत, परंतु विजेचा खर्च मोठा आणि यंत्रणा बंद पडल्यास थोड्या वेळात सर्व मासे जाण्याचा धोका. तीन, खाद्य न लागणारे शिंपले व समुद्री शैवाल. महासंघाने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक धोरणात या तिसऱ्या दिशेस महत्त्व दिले आहे. आमच्या मते कमी खर्चाची व टिकाऊ वाट हीच आहे.

आपण काय घ्यावे?

युरोपचा अनुभव सांगतो की पाणी सामायिक असते. त्याची रोग व घाण पचविण्याची ताकद संपली की भांडवल कितीही असले तरी वाढ थांबते. त्यासाठी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

१) संख्या मर्यादित ठेवावी. नॉर्वेत सॅल्मनच्या पिंजऱ्यात एका घनमीटर पाण्यात २५ किलोपेक्षा जास्त मासा ठेवता येत नाही. आपल्या पाण्याला व जातीला शिफारस केलेलीच घनता ठेवावी.

२) एका जलाशयात अनेकांचे पिंजरे असतील, तर बीज सोडणे व काढणी सर्वांनी ठरवून एकाच सुमारास करावी.

३) दोन पिकांमध्ये तळे रिकामे करून वाळवावे. शक्य नसल्यास काही काळ मासे न सोडता ठेवावे.

४) बोटुकली खात्रीच्या केंद्रातून आणावी व सोडण्यापूर्वी तपासून घ्यावी. एका तळ्याची जाळी दुसऱ्या तळ्यात तशीच वापरू नये.

५) कोळंबी उत्पादकांनी बंदी असलेली प्रतिजैविके मुळीच वापरू नयेत. युरोप हा आपल्या कोळंबीचा मोठा ग्राहक आहे. औषधांचे अंश सापडू लागल्याने २०१६ मध्ये महासंघाने भारतीय कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण १० वरून ५० टक्क्यांवर नेले. चूक थोड्यांची, पण भुर्दंड सर्वांना बसला.

बंधू-भगिनींनो, बांध घालून जमीन वेगळी करता येते, पाणी वेगळे करता येत नाही. म्हणून पिंजरा किंवा तलाव घेण्यापूर्वी शेजाऱ्याशी बसून वरील नियम आधी ठरवावेत. नॉर्वे आणि फॅरो बेटांनी ते नुकसान सोसल्यावर ठरविले, आपल्याला ते आधीच ठरविता येतील.