अंडी उबविण्याविषयी कांही सूचना

उबेवाचून अंड्यातून पिलू निघत नाही, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु अधिक उबेनेच आमच्या गडचांदूरकडे कितीतरी अंडी फुकट जातात, इकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. गर्भास सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि वैशाखात येथील पारा ४५ अंशांच्याही वर जातो. साधारण २१ अंशांपुढे अंड्यातील गर्भ थोडथोडा वाढू लागतो. म्हणून चुलीजवळच्या फळीवर आठ-दहा दिवस साठविलेले अंडे पुष्कळदा कोंबडीखाली जाण्यापूर्वीच अर्धवट वाढून मेलेले असते. मग ती बिचारी २१ दिवस बसते, आणि दोष मात्र तिच्याच माथी येतो!

यास्तव पहिली काळजी साठवणीची. टोपलीभर ओल्या वाळूत मडके अर्धे पुरावे, आत रुंद टोक वर करून अंडी ठेवावी व तोंडास फडके बांधावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांहून जुने, व हिवाळ्यात आठवड्याहून जुने अंडे उबवावयास घेऊ नये.

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. गवताखाली थोडी राख पसरावी, म्हणजे उवांचा त्रास कमी होतो. अंडी ती स्वतःच फिरविते, आणि दिवसातून एकदा दाणापाण्यास उठते. अंडी गार होतील या भयाने तिला अडवू नये. सातव्या रात्री अंड्यामागे टॉर्च धरून पाहावे. लाल शिरांचे जाळे दिसले तर गर्भ जिवंत; आरपार स्वच्छ दिसले तर ते वांझ.

आता यंत्राविषयी. मिसर देशात दोन हजार वर्षांहून अधिक काळ लोक मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवीत आले. अंडे पापणीस लावून ते त्याची ऊब ओळखीत. हल्लीच्या विजेच्या पेटीत १८ व्या दिवसापर्यंत अंडी निदान तीनदा रोज फिरवावी लागतात. पुढे ती हलवू नयेत, पाण्याची वाफ वाढवावी व झाकण उघडू नये. थंडीच्या रात्री वीज गेली तर पेटीवर गोणपाट घालावे. थोडा गारठा गर्भ सोसतो, जादा उष्णता सोसत नाही. आणि खरी अडचण येथेच आहे: ही साधी पेटी ऊब देते, गारवा देऊ शकत नाही. पत्र्याच्या घरात मे महिन्याच्या दुपारी आतील बल्ब विझलेला असूनही गर्भ तापून मरतात.

ज्यांच्या घरी पाच-सहा देशी कोंबड्या आहेत, त्यांनी पेटीसाठी पैसे घालू नयेत असे आमचे मत आहे. सुधारित जातीच्या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. ज्यांनी त्या पाळल्या त्यांस पेटी हवी, किंवा शेजारणीची देशी कोंबडी तरी. पेटीमुळे कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते हे खरे. पण मग पिलांस पंखाखाली घेणारे कोणी उरत नाही, ते काम घरधनिणीवर पडते.

दोन्ही रीतींस दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. पिले निघताच मानमोडीच्या लसीविषयी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. ती पहिल्या आठवड्यातच द्यावयाची असते, आणि कुपी बर्फात ठेवूनच गावी आणावी.