मुळशी सत्याग्रह आणि जात्यावरची ओवी : वाचनाचा एक प्रश्न

पुण्याहून पौडमार्गे मुळशीकडे जाताना वाटेत पिरंगुट लागते. याच रस्त्याने पुढे गेल्यावर टाटा कंपनीने मुळा-निळा संगमावर बांधलेले धरण येते. या धरणाने मुळशी पेट्यातील भातखाचरे व गावे पाण्याखाली नेली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली तो १९२४ पर्यंत चालला. पण धरण थांबले नाही.

राजसत्ता सामान्यांच्या घरात कशी शिरते, याचे हे बोलके उदाहरण होय. वसाहतकालीन सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला दिला. या कायद्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे मोबदल्याची रक्कम आणि माणूस म्हणजे कागदोपत्री हक्कदार. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या असल्याने सावकार मोबदल्याकडे वळले, हे राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासातून स्पष्ट होते. कसणाऱ्या कुळाचे नाते मात्र कागदापेक्षा मातीशी अधिक होते. स्त्रीचे नाव तर त्या कागदावर क्वचितच असणार.

येथेच साहित्याभ्यासकाचा प्रश्न सुरू होतो. सत्याग्रहाविषयीच्या लेखनात सभा, खटले, तुरुंगवास यांची नोंद मिळते. चूल, जाते, माहेर यांचे काय झाले, हे कोठे शोधावयाचे? एक वाट ओवीकडे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी मुळशी-मावळासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. माहेरची वाट, न्यायला येणारा भाऊ, आईचा उंबरा हे ओवीचे स्थिर संकेत आहेत. माहेरचे गावच बुडाले, तर संकेत तोच राहतो, परंतु त्याखालचा भूगोल नाहीसा होतो. एरव्ही सासुरवाशिणीच्या विरहाला माहेरपणाचा शेवट असतो. येथे तो उरत नाही. मोबदल्याच्या कोणत्याही हिशेबात ही हानी धरलेली नव्हती.

तथापि येथे सावधगिरी हवी. हे संकलन सत्याग्रहानंतर कित्येक दशकांनी झाले. ओवी परंपरेने घडते आणि गाणारीगणिक बदलते. म्हणून माहेराच्या प्रत्येक ओवीत धरण पाहणे हे अतिवाचन ठरेल. गाणारीचे गाव, तिचे माहेर व पिढी यांची नोंद पाहूनच अर्थ लावावा लागेल. ओवी घटनेचा पुरावा क्वचितच देते. घटनेने काय हिरावले, हे समजण्याची भाषा ती देते.

पिरंगुट परिसर आज कारखान्यांनी गजबजला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या रस्त्यावरील गावांत जाऊन वृद्ध स्त्रियांना सत्याग्रहाविषयी अवश्य विचारावे. पण त्याआधी त्यांचे माहेर कोणते, हे विचारावे. राजकीय इतिहासाचा एक न लिहिलेला भाग त्या उत्तरात असण्याचा संभव आहे.